वाक्‌सभेचे तरुण आचार्य : हेन्री डिरोझिओ

आपल्या ज्ञातीतील मुलेमुली अलीकडे वक्तृत्वाची पारितोषिके मिळवितात, ही संतोषाची गोष्ट होय. परंतु पुष्कळ पालक पाल्याच्या हाती तयार भाषण देतात, आणि तोच पाल्य प्रतिपक्षाची बाजू मांडण्यास उभा राहिला की अस्वस्थ होतात. ही अस्वस्थता जुनीच आहे. तिच्यापायी एका थोर शिक्षकास आपले पद सोडावे लागले.

हेन्री लुई व्हिव्हियन डिरोझिओ यांचा जन्म १८ एप्रिल १८०९ रोजी कलकत्त्यास पोर्तुगीज वंशाच्या कुटुंबात झाला. डेव्हिड ड्रमंड या स्कॉटिश पंडिताच्या शाळेत त्यांचे शिक्षण झाले, तेही अवघ्या चौदाव्या वर्षापर्यंत. पुढे काही काळ कारकुनी केली. नंतर भागलपूरला नातलगांच्या निळीच्या मळ्यावर ते राहिले. तेथे गंगेच्या सान्निध्यात त्यांची काव्यप्रतिभा फुलली. १८२६ साली ते कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजात शिक्षक झाले. वय सतरा! विद्यार्थी जवळजवळ बरोबरीचेच.

तास संपला तरी त्यांचे अध्यापन संपत नसे. १८२८ च्या सुमारास त्यांनी ‘अकॅडेमिक असोसिएशन’ ही वादसभा स्थापिली. प्रथम ती त्यांच्या घरी व नंतर माणिकतल्याच्या एका उद्यानगृहात भरत असे. दैव श्रेष्ठ की मनुष्याची इच्छा, सद्गुण म्हणजे काय, मूर्तिपूजा, ईश्वराचे अस्तित्व, स्वदेशप्रीती असे विषय तेथे निघत. अध्यक्षस्थानी स्वतः डिरोझिओ असत. डेव्हिड हेअर यांच्यासारखे वडीलधारे गृहस्थही मुलांचे बोलणे ऐकावयास येत.

सतीबंदीचा कायदा १८२९ चा. समाज आधीच ढवळून निघालेला. त्यात काही विद्यार्थ्यांनी उत्साहाच्या भरात निषिद्ध अन्न खाल्ले, देवधर्माची उघड टवाळी केली. शिक्षकाच्या पेशात आयुष्य गेलेल्या मला हा आततायीपणा रुचत नाही, आणि पालकांची भीती अगदीच निराधार होती असेही म्हणवत नाही. कित्येकांनी मुले कॉलेजातून काढून घेतली. एप्रिल १८३१ मध्ये व्यवस्थापक मंडळाने डिरोझिओ यांचे म्हणणे ऐकून न घेताच त्यांना दूर करण्याचे ठरविले, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला.

नास्तिकपणा शिकविल्याचा मुख्य आरोप होता. विल्सन या संस्कृतज्ञ अधिकाऱ्यास लिहिलेल्या पत्रात त्यांनी त्याचे सविस्तर उत्तर दिले. ह्यूमच्या शंका आपण मुलांपुढे ठेविल्या हे त्यांनी लपविले नाही. परंतु त्या शंकांना रीड व स्ट्यूअर्ट यांनी दिलेली उत्तरेही तितक्याच निष्ठेने ठेविली, असे त्यांचे म्हणणे होते. आईबापांचा मान राखू नये असे शिकविल्याचा आरोप त्यांनी साफ नाकारला. हे पत्र लिहिणारा शिक्षक बावीस वर्षांचा होता, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

त्यानंतर त्यांनी ‘ईस्ट इंडियन’ हे वृत्तपत्र काढिले. पण आयुष्य उरले नव्हते. २६ डिसेंबर १८३१ रोजी पटकीने त्यांचा अंत झाला.

वादसभा मात्र लगेच मोडली नाही. हेअर यांनी तिचे अध्यक्षपद सांभाळिले. डिरोझिओ यांच्या शिष्यांपैकी रामगोपाल घोष नामांकित वक्ते झाले. राधानाथ सिकदार यांनी १८५२ साली गणिताने एव्हरेस्ट शिखराची सर्वाधिक उंची सिद्ध केली. आणि रामतनू लाहिरी यांनी गुरूचाच पेशा पत्करून बंगालच्या निरनिराळ्या गावी अनेक वर्षे शाळा शिकविल्या.