मुधोळचे राजे मालोजीराव आणि बेडरांच्या दारातली कुत्री

शेळी निम्म्या वाट्याने देण्याची रीत आपल्या गावांना नवी नाही. मालक शेळी देतो, सांभाळणारा चारापाणी बघतो, करडे निम्मी निम्मी. कालवडीचे व्यवहारही असे होत आले आहेत, आणि त्यातून झालेली भांडणे पोलीस पाटलांना चांगली ठाऊक आहेत. आता हाच व्यवहार कुत्र्यात येऊ लागला आहे. जातिवंत कुत्र्यांची पैदास करणाऱ्या शहरातल्या माणसाला बंगल्यात आठ-दहा माद्या ठेवता येत नाहीत. मग तो चांगली मादी पिल्लू असतानाच एखाद्या कुटुंबाकडे सांभाळायला देतो. कुत्री तिथेच वाढते, राखण करते, पोरांच्या अंगाखांद्यावर खेळते; पण तिच्या वेतावर हक्क पैदासकाराचा. ठरलेली दोन-तीन वेते झाली की ती कायमची त्या घरची. परदेशात ही पद्धत बरीच रुळली आहे. नाशिकरोडकडे पळसे, शिंदे, सामनगाव, चेहेडी या बाजूला मळ्यात वस्ती करून राहणाऱ्या शेतकऱ्याला उद्या कोणी असे विचारले तर नवल वाटायला नको.

अशा वेळी एका राजाची हकीकत माहीत असलेली बरी. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे ऊर्फ नानासाहेब. मुधोळ आज कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात आहे, पण संस्थान मराठ्यांचे. रयत बहुतेक कानडी बोलणारी आणि राजघराणे मराठी, असा तो मामला.

घोरपडे हे आडनाव पडले तेही एका जनावरावरून. बहामनी काळात, १४७० च्या सुमारास, महमूद गवानने कोकणच्या मोहिमेत खेळणा किल्ल्याला, म्हणजे आजच्या विशाळगडाला, वेढा घातला होता. त्या वेळी या घराण्याच्या पूर्वजांनी घोरपडीला दोर बांधून कडा सर केला, अशी आख्यायिका आहे. घोरपडीच्या जोरावर माणूस कडा चढतो की नाही याबद्दल ज्याने त्याने काय ते ठरवावे. नाव मात्र पडले ते पडले, आणि मुधोळची जहागीरही घराण्याकडे आली. पुढे १६४८ मध्ये शहाजीराजांना कैद करण्यात याच घराण्यातले बाजी घोरपडे होते, आणि १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी मुधोळवर चालून जाऊन त्यांचा निकाल लावला. मराठी माणसाला मुधोळ आठवते ते बहुधा या प्रसंगामुळे. पण आपला विषय त्यानंतर सव्वादोनशे वर्षांहून अधिक पुढचा आहे.

मालोजीरावांचा जन्म १८८४ चा. १९०० साली, सोळाव्या वर्षी, ते गादीवर आले. वय लहान असल्याने प्रत्यक्ष कारभार हाती यायला काही काळ जावा लागला. संस्थान होते ३६८ चौरस मैलांचे, म्हणजे आपल्या एखाद्या तालुक्याएवढे. १९०१ च्या खानेसुमारीत लोकसंख्या ६३ हजारांच्या घरात भरली होती. घटप्रभेच्या काठची काळी जमीन. ज्वारी, कापूस ही पिके. आज तिथे उसाचा आणि साखर कारखान्यांचा मुलूख झाला आहे, पण तेव्हा लांबवर पसरलेली उघडी राने, माळ आणि त्यात ससे, हरणे, काळवीट. एवढ्याशा राज्याचा राजा मोठमोठ्या संस्थानिकांच्या रांगेत कुठे उठून दिसणार? मालोजीरावांना सरकारने पुढे सर ही पदवी दिली, तोफांच्या सलामीचा मानही मुधोळला होता. पण तेवढ्यावर त्यांचे नाव आज कोणी घेतले नसते. ते राहिले कुत्र्यामुळे.

त्या रानांत शिकार करणारा समाज बेडरांचा, ज्यांना आपण बेरड म्हणतो. याच संस्थानातल्या हलगली गावच्या बेडरांनी १८५७ मध्ये इंग्रजांच्या हत्यारबंदीविरुद्ध बंड केले होते. हत्यार हीच ज्यांची भाकरी, त्यांना हत्यार टाका म्हणून सांगितले तर दुसरे काय होणार? बंड मोडले, गाव जाळले, एकोणीस जणांना फाशी दिले. बंदूक गेली, पण कुत्र्याला परवाना लागत नव्हता. माझ्या मते ही कुत्री तिथे इतकी जपली गेली त्यामागे हेही एक कारण असावे.

हे कुत्रे कसे असते? लांबट निमुळते तोंड, खोल छाती, पाठीला चिकटल्यासारखे आत गेलेले पोट, काटक पाय. नर २७-२८ इंच उंच भरतो, वजन मात्र पंचवीस किलोच्या आसपास. वासावर माग काढणाऱ्यातले हे नव्हे. नजरेने सावज धरते आणि धावून गाठते. भरधाव सुटले की एका ढांगेत दोन वेळा चारही पाय जमिनीपासून सुटलेले असतात. इराण, अरबस्तानाकडच्या सालुकी, ताझी या कुत्र्यांशी याचे जवळचे नाते मानतात. व्यापाऱ्यांचे तांडे आणि दख्खनेत उतरलेल्या फौजा यांच्याबरोबर त्यांचे पूर्वज आले आणि इथल्या कुत्र्यांत मिसळले. म्हणून तर सोलापूर-लातूरकडे याला कारवानी म्हणतात. कान-शेपटीला झुलीसारखे केस असलेल्याला पश्मी.

मालोजीरावांनी ही कुत्री बेडरांकडे आणि आजूबाजूच्या शिकारी लोकांकडे पाहिली. दुसऱ्या संस्थानिकांनी त्या काळात विलायतेहून ग्रेहाउंड मागवले. यांनी मात्र आपल्या गावातल्या झोपडीपुढचे कुत्रे उचलून त्याची निवड सुरू केली. चांगली जनावरे गोळा करायची, विचार करून जोड्या लावायच्या, उतरलेल्या पिल्लांतून पुन्हा निवड करायची. खिलारचा खोंड निवडणाऱ्याला यात नवे वाटणार नाही. इंग्लंडला गेले असताना त्यांनी बादशहा पंचम जॉर्ज यांना या कुत्र्यांची जोडी नजर केली आणि तिथून मुधोळ हाउंड हे नाव जगात गेले, असे मुधोळकडे अभिमानाने सांगतात. म्हणजे बेडरांचे कुत्रे राजाच्या गावाच्या नावाने प्रसिद्ध झाले. बेडरांचे नाव त्यात कुठे आले नाही, हेही इथेच लिहून ठेवलेले बरे.

या राजाला वंशावळीचे एकूण वेडच होते म्हणायचे. घराण्याकडची जुनी फर्माने, कागदपत्रे अभ्यासकांपुढे आली, आणि इतिहाससंशोधक द. वि. आपटे यांनी लिहिलेला घोरपडे घराण्याचा जाडजूड इतिहास १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या काही फर्मानांवर इतिहासकारांत पुढे वाद झाले. माणसांच्या वंशावळीत वाद घालायला कागद तरी असतो. कुत्र्याच्या वंशावळीत सगळा भरवसा सांभाळणाऱ्याच्या आठवणीवर. कोणती मादी कोणत्या नराला दाखवली, कोणते पिल्लू कोणाच्या घरी गेले, हे दारात कुत्री बांधणाऱ्या माणसालाच ठाऊक.

आणि इथेच खरा मुद्दा आहे. एका वाड्यात दहा-पंधरा कुत्री ठेवली आणि त्यांच्यातच जोड्या लावत राहिले, तर चार-पाच पिढ्यांत रक्त जवळ येते. वेत लहान होते, पिल्ले मरतात, पाय-डोळ्यांत दोष दिसू लागतात. गावच्या एकाच वळूच्या कालवडी त्यालाच दाखवल्या तर काय होते ते शेतकऱ्याला सांगायला नको. वाण टिकवायचे तर जनावर पुष्कळ घरांत पसरलेले हवे. राजवाड्याची निवड कितीही चोख असो, तिचा पाया रानातल्या घरांतच होता. शिकाऱ्याच्या घरी न धावणारे कुत्रे कोणी पोसत नाही. तिथे परीक्षा रोजची, आणि नापास झाल्यास त्या मादीची पिल्ले कोणी मागत नाही.

१९३० च्या दशकाअखेर मालोजीरावांचा काळ संपला. मागे गादीवर राहिले ते वयाने लहान असलेले चिरंजीव भैरवसिंहराव. १९४८ मध्ये मुधोळ संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, १९५६ मध्ये तो मुलूख म्हैसूर राज्यात गेला. राजाश्रय गेला. शिकारीची कुत्री ठेवणारे दरबार देशभर असेच मोडले आणि दरबारी कुत्र्यांच्या कित्येक जातींची आबाळ झाली. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने सशा-हरणाच्या शिकारीवरही बंधने घातली. (आजही मुधोळ कुत्रे घेऊन सशामागे जाणाऱ्याला वनखाते सोडत नाही, हे लक्षात ठेवावे.) म्हणजे राजा गेला आणि कामही गेले. तरी कुत्रे राहिले. का, तर मुधोळ, लोकापूर, जमखंडी या टापूतल्या शेतकऱ्यांच्या, धनगरांच्या, बेडरांच्या घरी ते ज्वारी-मक्याच्या भाकरीवर आणि थोड्या दुधावर जगत होते. राजाने निवडलेले रक्त या घरांनी विनाकरार, विनामोबदला चाळीस-पन्नास वर्षे सांभाळले.

सरकारला जाग आली ती बऱ्याच उशिरा. २००५ मध्ये टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटे काढली, त्यात एक मुधोळचे. पुढे कर्नाटकच्या पशुवैद्यक विद्यापीठाने मुधोळजवळ तिम्मापूरला कुत्र्यांच्या संशोधनाचे केंद्र उभे केले. २०१६ मध्ये तिथली पिल्ले लष्कराने मेरठला शिक्षणासाठी नेली. २०२० च्या सुमारास राजपालयम, चिप्पीपराई आणि मुधोळ या तीन कुत्र्यांची राष्ट्रीय पातळीवर अधिकृत जाती म्हणून नोंद झाली. तोवर ही यादी गाय, म्हैस, शेळी, कोंबडी अशा जनावरांची होती. आज मुधोळ तालुक्यात शेकडो कुटुंबे ही कुत्री पाळून पिल्ले विकतात. ज्यांच्या आज्यापणज्यांनी फुकट सांभाळले त्यांना आता कुठे दोन पैसे दिसू लागले.

आता आपल्याकडच्या व्यवहाराकडे या. मुधोळच्या घरांपाशी कागद नव्हता, म्हणून नाव वाड्याचे झाले. आज पैदासकार कुत्री सांभाळायला देत असेल तर पहिल्या दिवशी कागद करावा. कुत्री कोणाच्या नावावर, किती वेते पैदासकाराची, किती वर्षांत ती घ्यायची, आणि त्या मुदतीत वेत झालेच नाही तर काय, हे त्यात हवे. खाणे सांभाळणाऱ्याचे, हे बहुधा ठरलेलेच असते. पण लसी, दवाखाना, अडलेल्या कुत्रीचे ऑपरेशन यांचा खर्च कोणाचा? व्यायला कुत्री पैदासकाराकडे जाणार की मळ्यातच राहणार? मळ्यात व्याली तर दोन महिने पिल्लांची उस्तवार घरच्या बाईवर पडते. तिच्या वाट्याला एखादे पिल्लू तरी यावे. सगळ्यात भांडणाची बाब म्हणजे चुकून गावठी कुत्रा लागला तर. कुत्री साधारण सहा-आठ महिन्यांनी माजावर येते, माज तीन आठवडे चालतो आणि मधला आठवडा खरा धोक्याचा. त्या दिवसांत ती बंद खोलीत हवी, तारेच्या कुंपणाचा काही उपयोग नाही. ग्रामसेवक, पोलीस पाटील यांना साक्षीला बोलावले तर त्यांनीही सही करण्याआधी ही कलमे वाचून बघावीत.

कायदाही आता आहे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांनुसार पैदासकाराची राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. मादी दीड वर्षाच्या आत आणि आठ वर्षांच्या पुढे फळवता येत नाही, वर्षात एकच वेत आणि जन्मात पाचच. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकायचे नाही. नोंदणी दाखवायला जो कांकू करतो त्याची कुत्री घेऊ नये. व्यवहार सरळ असेल तर कागद दाखवायला कोणाला जड जात नाही.

मुधोळच घ्यायचे असेल तर आणखी दोन गोष्टी. हे कुत्रे साखळीला बांधून ठेवले की बिघडते; रोज मोकळे धावायला रान हवे, आणि ते रान रस्त्यापासून लांब हवे, कारण सावजामागे सुटलेल्या मुधोळला ट्रक दिसत नाही. दुसरे आपल्या दारणाकाठासाठी. २०२० मध्ये या काठच्या गावांत बिबट्यांनी माणसे मारली, वनखात्याला पिंजरे लावून बिबटे धरावे लागले. उसात राहणाऱ्या बिबट्याला कुत्रे हे सर्वांत सोपे खाद्य, आणि खुंट्याला बांधलेले कुत्रे तर ताटात वाढल्यासारखे. मुधोळ वेगाने बिबट्याला चुकवील, पण रात्री ओट्यावर बांधलेले असेल तर तो वेग काय कामाचा? अंधार पडायच्या आत त्याला वरून छत असलेल्या, पक्क्या जाळीच्या खोलीत घालावे. ती खोली कोणाच्या खर्चाने बांधायची, हेही त्याच कागदात लिहावे.