२०० किलोहर्ट्झचा माणूस

बीईच्या प्रोजेक्टला आम्ही तिघांनी डिजिटल रेडिओचा रिसीव्हर घेतला होता. आमच्या एका सरांकडे हॅम परवाना आहे. ते संध्याकाळी घरून डीएमआर हँडसेटवर बोलायचे आणि आम्ही लॅबमध्ये लॅपटॉपला डोंगल लावून ऐकायचो. म्हणजे ऐकायचा प्रयत्न करायचो! स्क्रीनवर सिग्नल दिसायचा, पण स्पीकरमधून नुसते तुटके शब्द.

चूक माझीच होती. आधी गाणी ऐकली होती, त्यामुळे फिल्टरची रुंदी एफएम स्टेशनच्या २०० किलोहर्ट्झवरच राहिली होती. चूक कळल्यावर मी उत्साहाच्या भरात ती एकदम ५ वर आणली. तरी तेच! शेवटी १२.५ वर ठेवली आणि सर चक्क शेजारी बसून बोलल्यासारखे ऐकू आले.

कारण साधं आहे. डीएमआर चार ठरलेल्या फ्रिक्वेन्सींवर सेकंदाला ४८०० वेळा उड्या मारतं. फिल्टर फार अरुंद केला तर सिग्नलच्या कडा कापल्या जातात आणि एक चिन्ह दुसऱ्यात मिसळतं. फार रुंद केला तर नॉइज आत शिरतो. १२.५ च्या जागी २०० म्हणजे १६ पट नॉइज, अर्थात १२ डेसिबल. त्यात सरांचा कमजोर सिग्नल बुडणारच.

रिपोर्टमधलं इतिहासाचं प्रकरण नेहमीप्रमाणे माझ्या गळ्यात पडलं. म्हटलं, दोन पानं कुठून तरी उतरवू आणि झोपू. पण एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग हे नाव भेटलं आणि रात्रभर झोप आली नाही.

आर्मस्ट्राँग यांचा जन्म १८९० चा, न्यूयॉर्कचा. मुलगा अबोल, पण यंत्रांचं भारी वेड. योंकर्सच्या घरामागे त्यांनी अँटेनासाठी उंच खांब उभारला आणि त्यावर ते स्वतः चढायचे. कोलंबिया विद्यापीठात लाल मोटारसायकलवरून ये-जा करणारे ते डे-स्कॉलर! विद्यार्थी असतानाच, १९१२ मध्ये, त्यांनी व्हॅक्यूम ट्यूबचं आउटपुट पुन्हा इनपुटला देऊन सिग्नल कितीतरी पट वाढवून दाखवला. पुढे या पेटंटवरून ली डी फॉरेस्ट यांच्याशी वर्षानुवर्षं खटला चालला आणि १९३४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आर्मस्ट्राँग हरले. या शोधासाठी मिळालेलं पदक त्यांनी रेडिओ अभियंत्यांच्या संस्थेला परत देऊ केलं. संस्थेने ते घ्यायला नकार दिला. इंजिनिअर मंडळींना खरं काय ते ठाऊक होतं.

पहिल्या महायुद्धात ते फ्रान्समध्ये सैन्यात होते. तिथे १९१८ मध्ये त्यांनी सुपरहेटरोडाइन रिसीव्हर तयार केला. आलेली कोणतीही फ्रिक्वेन्सी एका ठरावीक मधल्या फ्रिक्वेन्सीवर आणायची आणि तिथे एकच चांगला फिल्टर लावायचा. ओरलला हमखास विचारतात तो हाच! स्कॅनरवर आपण जी बँडविड्थ निवडतो, ती याच कल्पनेची देणगी.

पण त्यांची खरी झुंज पुढे होती. वीज कडाडली की एएम रेडिओवर खरखर यायची. एफएमने काही साधेल का, हे जॉन कार्सन यांनी १९२२ मध्ये गणिताने तपासलं होतं. एफएम अरुंद करून जागा वाचणार नाही, हे त्यांनी दाखवलं. गणित बरोबर होतं, म्हणून बहुतेकांनी विषय सोडून दिला. आर्मस्ट्राँगनी उलटा प्रश्न विचारला. अरुंद कशाला? मुद्दाम रुंद करून बघू! अमेरिकेत एएमचं चॅनल १० किलोहर्ट्झचं, एफएमला पुढे २०० मिळालं. रुंदीने नॉइज वाढतो हे खरं, पण सिग्नल पुरेसा जोरदार असला आणि फ्रिक्वेन्सीचा झोका मोठा ठेवला, तर आवाज नॉइजच्या कितीतरी वर राहतो. १९३३ मध्ये पेटंट मिळालं. नोव्हेंबर १९३५ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या सभेत एका हॅम मित्राच्या घरून आलेलं प्रक्षेपण ऐकवलं. पेल्यात पाणी ओतल्याचा आवाजसुद्धा स्वच्छ!

आरसीए कंपनीचे डेव्हिड सारनॉफ हे त्यांचे जुने स्नेही. त्यांच्या सेक्रेटरी मॅरियन यांच्याशीच आर्मस्ट्राँगचं १९२३ मध्ये लग्न झालं होतं. पण आरसीएचं लक्ष टेलिव्हिजनकडे होतं. एम्पायर स्टेट बिल्डिंगवरची उपकरणं आर्मस्ट्राँगना काढावी लागली. १९४५ मध्ये सरकारने एफएमचा पट्टाच बदलला आणि लोकांकडचे लाखो संच निकामी झाले. १९४८ मध्ये त्यांनी आरसीएवर पेटंटचा दावा लावला. खटला लांबत गेला, पैसा आणि तब्येत दोन्ही खचत गेलं. १९५३ च्या अखेरीस घरात मोठं भांडण झालं आणि मॅरियन बहिणीकडे राहायला गेल्या. ३१ जानेवारी १९५४ च्या रात्री, एकटे असताना, आर्मस्ट्राँगनी आपलं आयुष्य संपवलं. वय ६३.

मॅरियननी लढा सोडला नाही. आरसीएशी त्याच वर्षी तडजोड झाली आणि बाकीचे दावे त्या एकेक करून जिंकत गेल्या. शेवटचा निकाल १९६७ मध्ये लागला. सगळं जिंकलं, पण ज्याचं होतं तोच नव्हता.

रिपोर्ट वेळेत सबमिट झाला. पण एक गोष्ट मनातून जात नाही. खरखरीतून आवाज वेगळा काढण्यात या माणसाचा हात कुणी धरला नसता, आणि त्या रात्री त्याच्याजवळ बोलायला कुणी नव्हतं. आपल्याकडे बॅकलॉग असतो, प्लेसमेंट हुकते, घरून फोन येतो. तेव्हा आपणही खोलीची कडी लावून बसतो. मित्रांनो, तसं बसू नका. शेजारच्या खोलीचं दार वाजवा, नाहीतर सरांना गाठा. आणि कुणी आपलं दार वाजवलं, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी उघडा.