डॉ. आनंदीबाई जोशी : स्वप्न आणि वास्तव

डॉ. आनंदीबाई जोशी यांचे स्मरण आम्हा पुणेकरांना विशेष जवळचे आहे. ३१ मार्च १८६५ रोजी त्यांचा जन्म झाला. चौदाव्या वर्षी झालेले बाळ दहा दिवसांत दगावले आणि त्या कोवळ्या वयातच त्यांनी डॉक्टर होण्याचे स्वप्न पाहिले. अमेरिकेतील शिक्षणासाठी मदत मागताच धर्मांतराची अट पुढे आली. जोशी दांपत्याने ती नाकारली. न्यू जर्सीच्या श्रीमती कार्पेंटर यांनी मात्र विनाअट घर दिले. १८८६ साली फिलाडेल्फियात पदवी मिळाली, परंतु क्षयाने देह खचला. कोल्हापूरच्या रुग्णालयातील पद स्वीकारण्यापूर्वीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. परदेशी जाणाऱ्या आपल्या मुलांना संधीबरोबर असे मायेचे घरही लाभो, हीच आमची प्रार्थना.