सक्तीची शपथ आणि इमाम मालिक

विद्यार्थी मित्रहो आणि पालक बंधुभगिनींनो, एखाद्या माणसाला धाक दाखवून त्याच्या तोंडून काही शब्द वदवून घेतले, तर धर्माच्या दृष्टीने त्या शब्दांना काही किंमत आहे काय? प्रश्न साधा दिसतो. परंतु सुमारे साडेबाराशे वर्षांपूर्वी मदिना शहरात एका थोर शिक्षकाने या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे नकारार्थी दिले आणि त्याबद्दल भर गावात फटके खाल्ले. त्यांचे नाव इमाम मालिक बिन अनस (रहमतुल्लाह अलैह). चार इमामांपैकी एक म्हणून त्यांचे नाव आपण सर्वजण आदराने घेतो. पण त्यांनी काय सोसले आणि कशासाठी सोसले, हे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक असते? म्हणून आज त्यांचे चरित्र आपल्यापुढे थोडक्यात मांडीत आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्या. धर्माच्या बाबतीत सक्तीला जागा नाही, हे तत्त्व सांगणारी पवित्र कुरआनातील सूरह बकराची 256 वी आयत मदिनेतच अवतरली. तिच्यामागचा प्रसंग हदीसच्या ग्रंथांत हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडून आला आहे. इस्लामपूर्व काळात मदिनेतील ज्या स्त्रियांची मुले जगत नसत, त्या नवस बोलत की मूल जगले तर त्याला ज्यू म्हणून वाढवू. पुढे बनू नजीर या ज्यू टोळीला मदिना सोडावी लागली, तेव्हा अशी वाढलेली काही मुले त्यांच्यात होती. अन्सारी आईबापांना वाटले की आता आपल्या मुलांना जबरदस्तीने का होईना, इस्लाममध्ये आणावे. त्या वेळी ही आयत आली आणि आईबापांना आपला हात आवरावा लागला. पालकहो, प्रसंग राजाचा नाही, सैन्याचा नाही, घरातला आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

याच मदिनेत हिजरी सन 93 च्या सुमारास, म्हणजे इ.स. 711-12 मध्ये, इमाम मालिक यांचा जन्म झाला. घराणे विद्येचे होते. त्यांच्या बालपणाची एक गोष्ट जुन्या ग्रंथांत सांगितली आहे. लहानग्या मालिकला गाण्याचा नाद लागला होता आणि आपण गवई व्हावे असे त्याला वाटे. आईने त्याला मारले नाही की कोंडून ठेवले नाही. गवई कुरूप असेल तर त्याचे गाणे कोणी ऐकत नाही, विद्वानाच्या रूपाकडे मात्र कोणी पाहत नाही, तेव्हा तू विद्येकडे वळ, असे तिने त्याला समजावले. गंमत अशी की मालिक दिसायला चांगले गोरेगोमटे, उंचेपुरे होते असे त्यांचे चरित्रकार लिहितात! मग तिने मुलाला स्वच्छ कपडे घातले, डोक्याला पागोटे बांधले आणि त्या काळचे नामांकित उस्ताद रबीआ यांच्याकडे पाठविले. पाठविताना तिने बजावले की त्यांच्या विद्येआधी त्यांचा अदब शिकून घे. या माउलीचे नाव आलिया. इमामांची ओळख करून देताना तिचे नाव वगळणे हा कृतघ्नपणा होईल.

मालिक यांनी इब्ने हुर्मुज, नाफे आणि इब्ने शिहाब जुहरी अशा मोठमोठ्या विद्वानांजवळ अध्ययन केले. नाफे हे हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांच्या घरचे, त्यांच्यापासून प्रत्यक्ष शिकलेले. त्यांची गाठ पडावी म्हणून कोवळ्या वयातला हा विद्यार्थी भर दुपारी उन्हात तिष्ठत उभा राही. विद्येपायी पैशाची इतकी ओढ झाली की घराच्या छपराचे लाकूड विकण्याची पाळी त्यांच्यावर आली, असेही सांगतात. पुढे लोक त्यांच्याकडे फतवा विचारू लागले. परंतु मदिनेतील 70 जाणत्यांनी पात्रतेची ग्वाही दिल्यावाचून आपण फतवा द्यावयास बसलो नाही, असे ते स्वतः सांगत.

मस्जिदे नबवीत त्यांचा दर्स भरू लागला आणि दूरदूरच्या देशांतून विद्यार्थी येऊ लागले. पैगंबर साहेबांचा (सल्ल.) देह ज्या भूमीत विसावला आहे तिथे जनावरावर स्वार होऊन कसे हिंडावे, या भावनेने ते मदिनेत पायीच फिरत. हदीस सांगण्यापूर्वी आंघोळ करून, स्वच्छ वस्त्रे घालून, सुगंध लावून बसत. इतका मान असूनही त्यांना माहीत नसलेल्या गोष्टीचे उत्तर देण्याची घाई नव्हती. एकदा त्यांना 48 प्रश्न विचारण्यात आले, त्यांपैकी 32 प्रश्नांना त्यांनी आपल्याला ठाऊक नाही असेच उत्तर दिले, अशी नोंद आहे. विद्यार्थी मित्रहो, ज्याला आपल्या ज्ञानाची मर्यादा माहीत असते, तोच पुढे एखाद्या मुद्द्यावर ठाम उभा राहू शकतो. इमामांच्या बाबतीत तसेच झाले.

त्यांच्या तारुण्यातच राज्य बदलले. इ.स. 750 मध्ये उमय्या घराणे जाऊन अब्बासी घराणे सत्तेवर आले. दुसरा अब्बासी खलिफा मन्सूर हा कर्तबगार, पण कठोर व संशयी होता. त्या काळी नव्या खलिफाच्या नावे लोकांकडून बैअत, म्हणजे निष्ठेची शपथ, घेतली जाई. ती मोडणे कठीण व्हावे म्हणून तिच्यात अशी कलमे घालीत की शपथ मोडली तर बायकोला तलाक झाला, गुलाम मुक्त झाले. सामान्य माणसाला यातून सुटका नव्हती. राजाला विरोध केला तर घर मोडते, अशी ही रचना होती.

हिजरी 145 मध्ये (इ.स. 762) पैगंबर घराण्यातील मुहम्मद बिन अब्दुल्लाह, ज्यांना नफ्से जकिय्या म्हणतात, त्यांनी मदिनेत मन्सूरविरुद्ध उठाव केला. लोक इमामांकडे आले. आमच्या गळ्यात मन्सूरची शपथ आहे, आम्ही काय करावे, असा त्यांचा प्रश्न होता. इमामांनी सांगितले की ती शपथ तुमच्याकडून सक्तीने घेतली गेली आहे आणि सक्ती झालेल्या माणसावर शपथेचे बंधन नाही. इमामांनी स्वतः हत्यार उचलले नाही, ते आपल्या घरीच राहिले. उठाव काही महिन्यांत मोडला आणि नफ्से जकिय्या मारले गेले.

यानंतर जे घडले त्याचा तपशील ग्रंथांत थोडाफार वेगवेगळा मिळतो, पण मुख्य गोष्ट एकच आहे. सक्तीने वदवलेला तलाक लागू होत नाही, असे इमाम आपल्या दर्समध्ये सांगत. आता पाहा, तलाक लागू होत नसेल तर बैअतीतले कलमही लागू होत नाही, आणि मग बैअतच पोकळ ठरते! सरकारला ही गोष्ट झोंबली. हे सांगू नका अशी ताकीद त्यांना देण्यात आली, असे म्हणतात. इमामांनी ती जुमानली नाही, कारण विचारणाऱ्यापासून विद्या लपविणे त्यांना मान्य नव्हते. हिजरी 146-147 च्या सुमारास मदिनेचा सुभेदार जाफर बिन सुलेमान याने त्यांना धरून आणविले, अंगावरचे कपडे उतरवून फटके मारविले आणि त्यांचा हात असा ताणला की तो खांद्यातून निखळला. नंतर बेअब्रू करण्यासाठी त्यांना गावातून फिरविले. परंतु त्या धिंडीतच इमामांनी आपले नाव मोठ्याने सांगितले आणि सक्तीच्या तलाकाला काही अर्थ नाही, हाच मसला पुन्हा जाहीर केला. ज्या जनतेपुढे त्यांची मान खाली घालावयाची होती, तिच्यापुढे त्यांची मान अधिकच उंच झाली.

वाचकहो, हा वाद केवळ तलाकाचा होता काय? मुळीच नाही. सूरह नहलच्या 106 व्या आयतीत, ज्याच्यावर जुलूम करून कुफ्रचे शब्द वदवून घेतले पण ज्याचे अंतःकरण ईमानावर स्थिर आहे, त्याला दोषातून वगळले आहे. हजरत अम्मार बिन यासिर (रजि.) यांच्या छळाशी या आयतीचा संबंध सांगितला जातो. सक्तीच्या शब्दाने ईमान जात नाही, तर सक्तीच्या शब्दाने घर तरी का मोडावे आणि निष्ठा तरी कशी जडावी, असा विचार या मताच्या फकीहांनी केला. माणसाच्या बोलण्याला अर्थ येतो तो त्याच्या नियतीमुळे, त्याच्या मर्जीमुळे.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. इमाम अबू हनीफा (रह.) यांचे मत या मसल्यात वेगळे आहे. धाकाखाली का होईना, माणसाने दोन संकटांतून एक समजून उमजून निवडले, म्हणून तलाक पडतो, असे हनफी फकीह मानतात. इमाम शाफई आणि इमाम अहमद मात्र इमाम मालिक यांच्या बाजूचे आहेत. आणि हे मत अबू हनीफांनी दरबाराला खूश करण्यासाठी दिले, असे कोणी समजू नये. मन्सूरने देऊ केलेले काजीपद नाकारल्याबद्दल त्यांनीही तुरुंगवास भोगला. दोन इमामांचे मत भिन्न, पण राजाच्या दाराशी दोघेही वाकले नाहीत.

फटके मारणाऱ्या जाफरला इमामांनी क्षमा केली. तो पैगंबर साहेबांच्या (सल्ल.) कुळातला, त्याच्यामुळे त्या कुळाला बोल लागू नये, असा त्यांचा विचार होता. पुढे मन्सूरनेही त्यांची मनधरणी केली. इमामांचा ‘मुवत्ता’ हा ग्रंथ याच काळात आकार घेत होता. हदीस, सहाबांचे निवाडे आणि मदिनेच्या लोकांची चालत आलेली रीत यांचा हा संग्रह होय. खलिफाने इमामांपुढे प्रस्ताव ठेवला की या ग्रंथाच्या प्रती प्रांतोप्रांती पाठवून सर्वांना त्याप्रमाणेच चालण्याचा हुकूम करावा. काही ग्रंथांत हा प्रस्ताव हारून रशीदच्या नावावर आहे.

कोणता लेखक अशी संधी सोडील? पण इमामांनी ती नाकारली. सहाबा वेगवेगळ्या देशांत पांगले, प्रत्येक प्रांतातील लोकांपर्यंत वेगवेगळी विद्या पोहोचली आणि ते तिच्यावर चालत आहेत, तेव्हा त्यांना त्यांच्या मार्गावर राहू द्यावे, असा सल्ला त्यांनी दिला. ज्याने सक्ती सोसली होती, त्याच्याच हाती सक्तीचे साधन आले आणि त्याने ते परत केले. माझ्या मते इमामांच्या चरित्रातील हा प्रसंग फटक्यांच्या प्रसंगाहून लहान नाही. आपल्यावर जुलूम झाला की स्वातंत्र्य सर्वांनाच प्रिय वाटते. सत्ता आपल्या बाजूला आल्यावर ते दुसऱ्याला देणारे थोडे.

तरीही इमामांना आजच्या काळाचा पोशाख चढविणे योग्य नाही. ‘मुवत्ता’मध्येच इस्लाम सोडणाऱ्याच्या शिक्षेचे प्रकरण आहे. त्या काळच्या बहुतेक फकीहांप्रमाणे इमामही उघडपणे धर्म सोडून तौबा न करणाऱ्यास देहदंड मानीत. एखादा ज्यू ख्रिस्ती झाला तर त्याला मात्र तो नियम लागू नाही, असे त्यांनी स्पष्ट केले. सूरह बकराच्या आयतीचा अर्थ किती व्यापक घ्यावा, याविषयीही मुफस्सिरांत मतभेद झाले. कोणी ती आयत मन्सूख, म्हणजे रद्द झालेली, मानली. इमाम तबरी यांनी ते मत नाकारले, पण तिचा अर्थ ग्रंथधारक व त्यांच्यासारख्या लोकांपुरता ठेवला. विसाव्या शतकात अल-अझहरचे शेख महमूद शलतूत यांच्यासारख्या विद्वानांनी धर्म सोडल्याबद्दलच्या देहदंडाच्या आधाराचाच फेरविचार केला आणि केवळ कुफ्र हे कोणाचे रक्त सांडण्याचे कारण होत नाही, अशी भूमिका मांडली. म्हणजे विचार एका जागी थांबलेला नाही. परंतु सक्तीने वदवलेला शब्द पोकळ आहे, हे सूत्र पुढेही कामी आले. बाराव्या शतकात पश्चिमेकडे मुवह्हिदांच्या राज्यात ज्यूंवर धर्मांतराची सक्ती झाली. प्रसिद्ध ज्यू वैद्य व तत्त्वज्ञ मूसा बिन मैमून इजिप्तमध्ये येऊन आपल्या धर्माने राहू लागले, तेव्हा हा इस्लाममधून फिरला असा आरोप त्यांच्यावर झाला. सुलतान सलाहुद्दीनचे मंत्री काजी फाजिल यांनी निर्णय दिला की सक्तीने झालेला इस्लाम शरीअतीप्रमाणे ग्राह्यच नाही. इब्नुल किफ्ती या इतिहासकाराने ही हकीकत नोंदविली आहे.

इमाम मालिक हिजरी 179 मध्ये (इ.स. 795) मदिनेतच वारले आणि जन्नतुल बकीमध्ये त्यांना दफन करण्यात आले. त्यांचा मजहब आज मोरोक्कोपासून सुदानपर्यंत आणि पश्चिम आफ्रिकेत पसरलेला आहे. आपल्या कोकणात तो नाही. तरी इमामांशी आपले नाते जवळचे आहे. कोकणातील मुसलमान बहुतांशी शाफई, आणि इमाम शाफई हे इमाम मालिक यांचे शिष्य. ‘मुवत्ता’ तोंडपाठ करून ते कोवळ्या वयात मदिनेला गेले आणि उस्तादांजवळ शिकले. पुढे त्यांनी अनेक मसल्यांत आपल्या उस्तादांहून वेगळे मत दिले, पण त्यांच्याविषयीचा आदर कधी सोडला नाही. शिष्याला विचाराची मोकळीक नसती, तर शाफई मजहब जन्माला आला असता काय?

पालकहो, या चरित्रातून आपण काय घ्यावयाचे? आपण मुलांना दीन शिकवतो, शाळेत घालतो, त्यांनी अमुकच व्हावे असा आग्रह धरतो. हे सर्व प्रेमापोटीच असते. परंतु धाकाने मूल मान डोलावते, त्याचे मन डोलत नाही. आणि धाक उठला की शिकवलेलेही उठते, हे आम्ही शिक्षक वर्गात रोज पाहतो. इमामांच्या आईने पागोटे बांधून मुलाला विद्येच्या दारापर्यंत नेले, आत तो आपल्या पायांनी गेला. विद्यार्थी मित्रहो, तुम्हीही शेजारच्या बाकावरील दुसऱ्या धर्माच्या वा दुसऱ्या मताच्या सोबत्याशी वागताना हे विसरू नका. आपले मत निर्भयपणे सांगा, न आले तर ठाऊक नाही म्हणा, आणि दुसऱ्याच्या गळ्यात आपले मत बांधू नका. एवढे जरी साधले, तरी इमाम मालिक यांचे चरित्र वाचल्याचे सार्थक होईल.