संदेष्टा यिर्मया आणि अनाथोथचे शेत



मिस्सेच्या तीन वर्षांच्या वाचनचक्रात एका सामान्य रविवारी चिखलाच्या हौदात सोडलेल्या माणसाचे वाचन येते. वाचन चार-पाच ओळींत आटोपते, पुढे स्तोत्र सुरू होते आणि तो माणूस कोण, त्याला तिथे का टाकले, हे विचारायचे राहून जाते. तो माणूस म्हणजे संदेष्टा यिर्मया, काही जण ज्याला जेरेमिया म्हणतात तो. आज त्याचे चरित्र आम्ही आपल्यापुढे ठेवीत आहोत.

यरुशलेमच्या ईशान्येस सुमारे पाच किलोमीटरवर अनाथोथ नावाचे खेडे होते. तिथल्या एका याजक घराण्यात यिर्मया जन्मला. योशिया राजाच्या तेराव्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. ६२७ च्या सुमारास, त्याला परमेश्वराचे पाचारण झाले. आपण लहान आहोत, आपल्याला बोलता येत नाही, अशी सबब त्याने सांगून पाहिली. ती चालली नाही. पुढे तर त्याने लग्न करू नये, मेजवानीच्या घरी जाऊ नये, मयताच्या घरी रडायलाही जाऊ नये, अशी आज्ञा झाली. लग्नाला आणि मयताला न जाणाऱ्याला आपल्या गावांत काय म्हणतात, ते आपण जाणताच. अनाथोथच्या लोकांनी तर त्याच्या जिवावर उठण्याचा कट केला.

त्याचा संदेश लोकांना का झोंबला, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब यरुशलेमवर चालून आला होता. पण शहर न घेताच त्याला परतावे लागले. परमेश्वराने आपल्याला वाचवले, असे लोक म्हणाले, आणि ते खरेच होते. पण शंभर वर्षांत त्या कृपेचा विमा झाला. मंदिर आपल्या शहरात आहे, तेव्हा आपल्याला कोण हात लावणार? यिर्मया मंदिराच्या दारात उभा राहिला आणि परका, अनाथ व विधवा यांना नाडून इथे येऊन सुरक्षित वाटून घेणाऱ्यांना त्याने शिलोची आठवण करून दिली. तिथेही एके काळी देवाचे निवासस्थान होते आणि आता ओसाड पडले होते. याजकांनी त्याच्यासाठी मरणदंड मागितला. शाफानाचा मुलगा अहीकाम पाठीशी उभा राहिला म्हणून तो वाचला.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. संदेष्टा म्हणजे भविष्य सांगणारा नव्हे. एकदा यिर्मया कुंभाराच्या घरी गेला. चाकावरचे मडके बिघडले, तेव्हा कुंभाराने माती फेकून दिली नाही. त्याच मातीचे दुसरे भांडे घडवले. ईश्वरी न्याय आणि आंधळी नियती यांतला फरक समजावताना तत्त्वज्ञानाच्या वर्गात आमची बरीच पाने खर्ची पडली. त्या चाकाजवळ तो लवकर कळतो. शिक्षेचा इशारा दिला जातो तो शिक्षा टळावी म्हणून.

यहोयाकीम राजाला हे ऐकायचेच नव्हते. यिर्मयाने सांगितलेला संदेश बारूखाने गुंडाळीवर लिहून काढला होता. हिवाळ्याचे दिवस होते, राजापुढे शेगडी पेटलेली होती. तीन-चार स्तंभ वाचून झाले की राजा तेवढा भाग चाकूने कापून विस्तवात टाकी. सारी गुंडाळी जळली. यिर्मयाने बारूखाला पुन्हा बसवून सगळे लिहून घेतले आणि आणखी भर घातली.

इ.स.पू. ५९७ मध्ये बाबिलोनचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेम घेतले. तरुण राजा यहोयाखीन, राजमाता, सरदार, कारागीर यांना हद्दपार केले. मागे उरलेल्यांच्या मनात साहजिकच विचार आला : गेले ते पापी, त्यांना शिक्षा झाली, आपण राहिलो, म्हणजे आपण बरे. यिर्मयाला मात्र मंदिरासमोर अंजिरांच्या दोन टोपल्या दिसल्या. चांगली अंजिरे म्हणजे बंदिवासात गेलेले लोक, आणि खाता येऊ नयेत इतकी नासकी म्हणजे मागे राहिलेले. कुणाच्या घरी आजार किंवा अपघात आला की देवाने शिक्षा दिली असे पुटपुटणारे प्रत्येक धर्मग्रामात असतात. त्यांनी ही टोपल्यांची गोष्ट पुन्हा वाचावी, अशी आमची विनंती आहे.

हनन्या नावाच्या दुसऱ्या संदेष्ट्याने दोन वर्षांत सगळे परत येतील असे जाहीर केले. लोकांना ते गोड वाटले. यिर्मयाने मात्र बंदिवानांना पत्र पाठवून निराळेच सांगितले : घरे बांधा, बागा लावा, मुलामुलींची लग्ने करा, आणि ज्या शहरात तुम्हाला नेले त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. शत्रूच्या शहरासाठी प्रार्थना! मंदिराबाहेर, परक्या भूमीवरही परमेश्वर ऐकतो, हे त्यांना पहिल्यांदाच इतके स्पष्ट सांगितले गेले. त्या काळच्या बाबिलोनी मातीच्या पाट्या आज उपलब्ध आहेत. एकीवर यहोयाखीन राजाला दिल्या जाणाऱ्या तेलाच्या शिध्याची नोंद आहे. दुसऱ्या काहींवर यहुदी माणसांची शेते, खंड आणि कर्जे. म्हणजे लोक खरोखरच तिथे राहिले, पेरले, जगले.

इ.स.पू. ५८८ मध्ये यरुशलेमला शेवटचा वेढा पडला. यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत होता. तिथे त्याचा चुलतभाऊ हनामेल अनाथोथचे शेत विकायला आला. अनाथोथ तेव्हा वैऱ्याच्या फौजेखाली होते. कवडी किमतीलाही कुणी ते घेतले नसते. यिर्मयाने १७ शेकेल, म्हणजे सुमारे दोनशे ग्रॅम चांदी, साक्षीदारांसमक्ष तोलून दिली. खरेदीखताच्या दोन प्रती केल्या, एक मोहोरबंद, एक उघडी. पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून त्या मातीच्या भांड्यात ठेवायला सांगितल्या. शहर पडणार हे सांगणारा माणूस शहर पडण्याआधी जमीन विकत घेत होता. आम्हाला यिर्मयाच्या साऱ्या आयुष्यात याहून मोठा संदेश दिसत नाही.

मग तो हौद. तो सैनिकांचे हातपाय गाळतो, असा आरोप सरदारांनी केला आणि त्याला दोरांनी खाली सोडले. पाणी नव्हते, चिखल होता. तो त्यात रुतला. त्याच्यासाठी राजा सिद्कीयाकडे गेला तो कुणी याजक नव्हे, तर एबद-मलेख नावाचा कूश देशाचा, आफ्रिकेतला, राजवाड्यातील सेवक. त्याने वाड्यातल्या जुन्या चिंध्या गोळा करून खाली सोडल्या आणि दोर काचू नयेत म्हणून त्या बगलेत धरायला सांगितल्या. घाईच्या वेळीही चिंध्यांचा विचार करणारा हा परका माणूस आम्हाला फार आवडतो.

इ.स.पू. ५८७ मध्ये (काही अभ्यासकांच्या मते ५८६) शहर पडले, मंदिर जळाले. सिद्कीयाच्या डोळ्यांदेखत त्याचे मुलगे मारले गेले, मग त्याचे डोळे काढले. यिर्मयाला बाबिलोनच्या सरदाराने सोबत येण्याची, सुखाने राहण्याची मुभा दिली. तो उद्ध्वस्त देशातल्या गरिबांबरोबर राहिला. त्यांचा अधिकारी गदल्या हा त्याला वाचवणाऱ्या अहीकामाचाच मुलगा. त्याचा खून झाला. घाबरलेले लोक यिर्मयाचे न ऐकता मिसरात गेले आणि त्यालाही घेऊन गेले. त्याच्या शेवटाविषयी पवित्र शास्त्र गप्प आहे. दगडमार होऊन तो तिथेच मेला, अशी जुनी परंपरा आहे. आपले शेत त्याने पुन्हा पाहिले नाही.

इ.स.पू. ५३९ मध्ये पर्शियाच्या कोरेश राजाने बाबिलोन जिंकले आणि बंदिवानांना परतण्याची वाट मोकळी झाली. एज्राच्या पुस्तकात परत आलेल्यांची गाववार यादी आहे. एरवी ती कंटाळवाणी वाटते, वाचताना आपण ती ओलांडून जातो. तिच्या दुसऱ्या अध्यायात, तेविसाव्या ओवीत, अनाथोथची माणसे मोजली आहेत : १२८.