व्यंगचित्रकार जेम्स गिलरे

वह्या तपासताना एका वहीच्या शेवटच्या पानावर मला एकदा माझेच चित्र सापडले. नाक वास्तवाहून दुप्पट, चष्मा कपाळावर चढलेला आणि हातातील खडू तलवारीसारखा उगारलेला. रागावण्याचा विचार होता. परंतु हसू आवरेना, कारण चित्र अगदी खरे होते. त्या चित्रकाराचे नाव मी येथे सांगणार नाही. त्याच्या वडीलधाऱ्या कुळबंधूची ओळख मात्र त्याला, आणि त्याच्या निमित्ताने तुम्हां सर्वांना, करून द्यावी असे तेव्हापासून मनात होते.

जेम्स गिलरे याचा जन्म इ. स. १७५६ मध्ये लंडनजवळील चेल्सी येथे झाला. बाप जातीचा शिपाई. १७४५ सालच्या फाँतनुआच्या लढाईत त्याचा एक हात गेला. पुढे जुजबी तनखा आणि दफनभूमीची राखण यांवर त्याने संसार चालविला. हे कुटुंब मोरेव्हियन नावाच्या एका अतिशय कडक ख्रिस्ती पंथाचे होते. ऐहिक जीवन म्हणजे पाप व क्लेश, आणि मृत्यू म्हणजे सुटका, ही त्या घरची शिकवण. भावंडांपैकी एकटा जेम्सच काय तो मोठा झाला. अशा घरातून इंग्लंडचा सर्वांत खट्याळ चित्रकार निपजावा हे नवल खरे. पण माणसाच्या देहाची व दिमाखाची क्षणभंगुरता त्याने जितकी निर्दयपणे चितारली तितकी दुसऱ्या कोणी चितारली नाही, हे लक्षात घेतले म्हणजे ते नवल थोडे ओसरते.

लहानपणीच त्याला अक्षरे कोरणाऱ्या एका कारागिराकडे उमेदवारीस ठेवले. छापाच्या ताम्रपटावर अक्षरे उलटी कोरावी लागतात, म्हणजे कागदावर ती सुलटी उमटतात. हे काम जितके नाजूक तितकेच कंटाळवाणे. एके दिवशी पोराने काम टाकले आणि तो एका फिरत्या नाटकमंडळीबरोबर निघून गेला. भटकून परत आल्यावर १७७८ मध्ये त्याने रॉयल अकादमीच्या चित्रशाळेत प्रवेश घेतला. उमेदवारीत हाताला लागलेले वळण आणि नाटकमंडळीत पाहिलेले हावभाव, या दोन्ही गोष्टी त्याला जन्मभर पुरल्या.

ही चित्रे तयार कशी होत, हे थोडे सांगितले पाहिजे. तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर मेणासारख्या द्रव्याचा पातळ थर देत. त्यावर सुईने रेखाटन केले की रेषेपुरते तांबे उघडे पडे. मग पत्रा तेजाबात ठेवीत. तेजाब उघडे तांबे तेवढे खाई. त्या खाचांत शाई भरून ओल्या कागदावर दाबाखाली ठसे काढीत आणि नंतर एकेक ठसा हाताने रंगवीत. साधे चित्र सुमारे एका शिलिंगाला, रंगीत असल्यास दुप्पट किंवा अधिक. ही किंमत गरिबाच्या आवाक्यातली नव्हती. परंतु दुकानाच्या खिडकीत टांगलेले चित्र पाहायला पैसे पडत नसत. तेव्हा सरदार, वकील, हमाल आणि खिसेकापू त्या खिडकीपुढे खांद्याला खांदा लावून उभे राहत. आपल्या इंदूरच्या रंगपंचमीच्या गेरीत किंवा आमच्या गोमंतकातील शिगम्याच्या सोंगांपुढे जशी लहानथोरांची एकच गर्दी होते, तसाच हा प्रकार.

ही खिडकी हॅना हम्फ्री नावाच्या बाईच्या दुकानाची. १७९१ च्या सुमारापासून गिलरेचे जवळजवळ सर्व काम तिच्याकडेच प्रसिद्ध होऊ लागले आणि पुढे तो तिच्याच घरी, दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहू लागला. दोघांनी एकदा लग्नाचा बेत केला, चर्चच्या वाटेला लागले आणि आहे तेच बरे म्हणून अर्ध्या वाटेवरून परतले, अशी एक आख्यायिका आहे. १७९७ मध्ये हे दुकान सेंट जेम्स रस्त्यावर गेले. तेथून राजवाडा हाकेच्या अंतरावर होता.

राजवाडा इतका जवळ असूनही गिलरेची सुई राजाला भ्याली नाही. १७९२ साली त्याने दोन चित्रे काढली. एकात युवराज भरपेट जेवून काट्याने दात कोरीत बसला आहे आणि त्याच्याभोवती न फेडलेली बिले पडली आहेत. दुसऱ्यात राजा तिसरा जॉर्ज व राणी एवढ्या मोठ्या साम्राज्याचे धनी असून अंडे आणि भाजीपाला यांवर काटकसरीने जेवत आहेत. बाप कंजूष आणि लेक उधळ्या! त्याच वर्षीच्या आणखी एका चित्रात राजा मेणबत्तीचा तुकडा डोळ्यांपाशी धरून एक छोटे व्यक्तिचित्र न्याहाळतो आहे, आणि ते चित्र आहे क्रॉमवेलचे. इंग्लंडच्या राजाचा शिरच्छेद घडवून आणणाऱ्या क्रॉमवेलचे. फ्रान्सचा राजा तेव्हा सिंहासन गमावण्याच्या बेतात होता. या काळी असे चित्र काढावयाला छाती लागते.

आपल्या देशाचा संबंध असलेली त्याची चित्रे आपण विशेष लक्षपूर्वक पाहिली पाहिजेत. वॉरन हेस्टिंग्जवर गिलरेने १७८६ मध्ये जे चित्र काढले, त्यात हेस्टिंग्ज उंटावर स्वार असून बर्क, फॉक्स इत्यादी त्याचे विरोधक दरोडेखोर झाले आहेत. दोनच वर्षांनी, अभियोग सुरू झाल्यावर, तोच हेस्टिंग्ज पैशाच्या थैल्या सांभाळीत लॉर्ड थर्लोच्या खांद्यावर बसून रक्ताचा समुद्र ओलांडताना दिसतो, आणि ते रक्त हिंदी लोकांचे आहे. पहिले चित्र खरे की दुसरे? माझ्यापुरते बोलायचे तर दुसरेच.

१७९१ च्या मे महिन्यात कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणच्या वेशीपर्यंत पोहोचला; पण पाऊस लागला, बैल मेले, अन्न संपले, आणि किल्ला फोडण्याच्या तोफा स्वतःच निकामी करून त्याला माघार घ्यावी लागली. डिसेंबरात गिलरेचे चित्र निघाले. टिपू तटावर उभा आहे व इंग्रजी फौज पळत सुटली आहे. पावसाचा जो अर्थ त्याने त्या चित्रात लावला आहे तो शाळेच्या अंकात सांगता येत नाही. मोठे झाल्यावर स्वतःच शोधून काढा. पण एक गोष्ट त्या चित्रात नाही. उपाशी इंग्रजी फौजेला वाटेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांचे मराठी सैन्य भेटले, आणि मराठी छावणीच्या बाजारातील धान्यावर, महाग का होईना, ती फौज जगली. लंडनच्या खिडकीतून इतके दूरचे दिसत नव्हते.

आता त्याच्या आयुष्यातील अवघड भाग. १७९६ च्या जानेवारीत नवजात राजकन्येच्या निमित्ताने काढलेल्या एका चित्रावर धर्मनिंदेचा आरोप येऊन त्याला अटक झाली. याच सुमारास जॉर्ज कॅनिंग नावाचा एक महत्त्वाकांक्षी तरुण मुत्सद्दी त्याच्याशी ओळख वाढवीत होता. गिलरेच्या चित्रात आपण झळकावे, ही कॅनिंगची तीव्र इच्छा. मग थट्टा झाली तरी चालेल. ती इच्छा पुरी झाली खरी, पण तो त्या चित्रात दिव्याच्या खांबाला फासावर लटकलेला होता! १७९७ पासून मात्र गिलरेला सरकारकडून वर्षाला २०० पौंडांचा तनखा गुपचूप मिळू लागला, आणि विरोधी पक्षाचा फॉक्स त्याच्या चित्रांत अधिकाधिक विद्रूप होत गेला. खटल्याची टांगती तलवार, म्हातारपणाची चिंता, हे सगळे मान्य करूनही मला हा तनखा खटकतो. त्याने सगळी सुई विकली नाही हेही तितकेच खरे. १७९१ मध्ये त्याने पंतप्रधान पिटला राजमुकुटातून उगवलेली कुत्र्याची छत्री बनविले होते; १८०५ मध्ये त्याच पिटला त्याने पुन्हा मेजावर बसविले. समोर नेपोलियन, मध्ये पृथ्वीच्या आकाराचे पुडिंग, आणि दोघेही सुरी चालवीत आहेत. एकाने युरोपचा तुकडा तोडला आहे, दुसऱ्याने अख्खा महासागर. पिटचा तुकडा मोठा आहे. हे चित्र २६ फेब्रुवारी १८०५ चे. त्याच महिन्यात आपले यशवंतराव होळकर भरतपूरच्या जाटांसह लॉर्ड लेकचे हल्ले परतवीत होते. हाच कॅनिंग पुढे हिंदुस्थानच्या कारभारावरील नियंत्रण मंडळाचा अध्यक्ष झाला. १८१८ च्या मंदसोरच्या तहाने होळकरांचे राज्य इंग्रजांच्या कह्यात गेले आणि इंदूर राजधानी झाली, तेव्हा ते पद त्याच्याकडेच होते.

व्यंगचित्राचे सामर्थ्य किती, हे पाहावयाचे असल्यास नेपोलियनची उंची विचारा. कोणीही ठेंगणी म्हणून सांगेल. वस्तुतः तो त्या काळच्या सामान्य फ्रेंच माणसाइतका उंच होता. त्याला बुटका केले गिलरेने. आणि हे सामर्थ्य नेहमी योग्य बाजूलाच असते असेही नाही. १२ जून १८०२ रोजी त्याने देवीच्या लसीची खिल्ली उडविली: टोचून घेतलेल्या माणसांच्या अंगांतून लहान लहान गाई फुटत आहेत. चित्र पाहून आजही हसू येते. पण दोनच दिवसांनी, १४ जूनला, आपल्या मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला हिंदुस्थानातील पहिली लस टोचली गेली, आणि या लशीने पुढे किती जीव वाचविले याची गणती नाही.

१८०६ च्या सुमारास त्याची दृष्टी मंदावली. ज्याचे सर्वस्व डोळ्यांत त्याचे डोळेच जाऊ लागले. तो मद्याच्या आहारी गेला, आणि १८१० नंतर त्याचे चित्त पार भ्रमिष्ट झाले. १८११ मध्ये त्याने वरच्या खिडकीतून स्वतःला खाली झोकून देण्याचा प्रयत्न केला, तोही त्याच घरातून. शुद्धीचे काही क्षण येत, पुन्हा अंधार पडे. हॅना हम्फ्रीने त्याला वेड्यांच्या इस्पितळात धाडले नाही. अखेरपर्यंत घरीच सांभाळले. त्याची अपुरी कामे जॉर्ज क्रुकशँक या तरुण चित्रकाराकडे गेली.

१ जून १८१५ रोजी गिलरे वारला. पिकॅडिलीच्या सेंट जेम्स चर्चच्या आवारात त्याला पुरले. त्यानंतर सतरा दिवसांनी वॉटर्लूच्या मैदानावर नेपोलियनचा पराभव झाला.