गुरू घासीदास

रायपूर शहरातील तेलीबांधा ह्या भागाच्या नावातच एका जातीचा उल्लेख आहे. पूर्वी वस्त्यांना आणि तलावांना जातींवरून नावे पडत, तशीच माणसाची ओळखही त्याच्या जातीवरून ठरे. छत्तीसगडात अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला जातीपलीकडची ओळख देण्याचे कार्य गुरू घासीदासांनी केले.

त्यांचा जन्म १८ डिसेंबर १७५६ रोजी गिरोदपुरी येथे झाला. वडिलांचे नाव महंगूदास व आईचे अमरौतिन. त्यांच्या बालपणीच छत्तीसगडावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल स्थिरावला. ह्या राज्यात धर्म आणि सत्ता परस्परांच्या आधाराने उभ्या होत्या. देवळांना व मठांना राजाश्रय लाभे. रतनपूरचे राममंदिर बिंबाजी भोसल्यांनी बांधविले. घासीदासांच्या समाजाला मात्र देवळाची पायरीही वर्ज्य होती.

तरुण वयात ते जगन्नाथपुरीच्या यात्रेस निघाले. परंतु सारंगगढहूनच परतले, असे परंपरा सांगते. पुढे सोनाखानच्या अरण्यात त्यांनी दीर्घकाळ चिंतन केले. १८२० च्या सुमारास त्यांनी सतनामाचा उपदेश आरंभिला. ईश्वर एक व निराकार आहे आणि सर्व माणसे समान आहेत, हे त्याचे सार होते. मूर्तिपूजा, मांस, मद्य व तंबाखू त्यांनी निषिद्ध ठरविली. गाईला नांगरास जुंपू नये व दुपारनंतर नांगर धरू नये, असे नियम घालून श्रमणाऱ्या जनावरांनाही त्यांनी करुणेच्या कक्षेत आणले.

मंदिरप्रवेशाची याचना न करता त्यांनी अनुयायांना स्वतःची व्यवस्था उभारण्यास शिकविले. गावोगावी श्वेत ध्वजाचे जैतखाम उभे राहिले. धर्मकार्य आणि तंटे यांसाठी महंत, भंडारी व साटीदार नेमले गेले. पुरोहिताची गरज उरली नाही. जातीच्या नावाऐवजी लोक स्वतःला सतनामी म्हणवू लागले.

१८५० च्या सुमारास घासीदासांचे निधन झाले. त्यांचे पुत्र बालकदास यांनी कार्य पुढे नेले. १८६० मध्ये त्यांची हत्या झाली. जात पुसण्यासाठी स्वीकारलेले सतनामी हे नावही पुढे सरकारी नोंदींत जातीचेच नाव म्हणून लिहिले गेले. रूढी किती चिवट असतात, हे यावरून कळते. तरीही त्या नावाने लक्षावधी माणसांना ताठ मानेने उभे राहण्याचे बळ दिले. बिलासपूरच्या विद्यापीठास आज गुरू घासीदासांचे नाव आहे.